बाबांच्या तपासणीविषयी

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

बाबांच्या कंपवातामुळे (पार्किन्सनच्या आजारामुळे) त्यांची स्मरणशक्ती, लक्ष आणि मनःस्थिती यांची सविस्तर तपासणी मी पुण्यात ठरवली आहे, पुढच्या महिन्यातल्या दुसऱ्या शनिवारी. तुम्हाला आधी विचारले असते तर बाबा ‘दिवाळीनंतर बघू’ म्हणाले असते आणि आईने त्यांचा शब्द मोडला नसता, म्हणून वेळ घेऊन मगच लिहिते आहे. परक्यांच्या वडिलांना मी रोज हेच प्रश्न विचारते. आपल्या घराबाबत गप्प राहणे मला जमेना.

आई, तू फोनवर म्हणालीस की बाबा हट्टी झाले आहेत, पेपरची घडीसुद्धा मोडत नाहीत, आणि काकांच्या वेळचे सगळे तुला आठवते. ते मलाही आठवले. पण काकांचा आजार वेगळा होता, आणि बाबांच्या बाबतीत ज्याला तू हट्ट म्हणतेस तो बहुधा कंपवाताचाच भाग असावा. १८१७ मध्ये लंडनचे डॉक्टर जेम्स पार्किन्सन यांनी सहा जणांच्या निरीक्षणावरून या आजाराचे वर्णन केले, तेव्हा बुद्धी शाबूत राहते असेच त्यांनी लिहिले होते, आणि पुढे कितीतरी काळ हात थरथरतो का, पाऊल अडखळते का, याकडेच सर्वांचे लक्ष राहिले. प्रत्यक्षात मेंदूच्या खोल भागातील जी केंद्रे हालचाली सांभाळतात, तीच केंद्रे वेगळ्या मार्गांनी कपाळामागच्या भागाशीही जोडलेली आहेत. अलेक्झांडर, डीलाँग आणि स्ट्रिक या मेंदूच्या अभ्यासकांनी १९८६ मध्ये हे समांतर मार्ग मांडले: एक हालचालीचा, एक आखणी करण्याचा, एक काही करावेसे वाटण्याचा. या आजारात मेंदूतले डोपामाइन, म्हणजे निरोप पोचवणारे एक रसायन, कमी पडते. ते कमी पडले की केवळ हातच मंदावतो असे नाही. विचार आणि उमेदही मंदावतात.

साधारण तिघांपैकी एका रुग्णात नैराश्याची दखल घ्यावी अशी लक्षणे आढळतात, आणि कित्येकदा ती कंपाच्या काही वर्षे आधीच सुरू झालेली असतात. बाबांनी गाण्याच्या बैठकीला जाणे केव्हा सोडले, ते आठवून पाहा. मात्र ते नैराश्यच असेल असे मी धरून चालत नाही. नैराश्यात माणूस आतून दुःखी असतो, स्वतःला दोष देत राहतो. निरिच्छतेत तसे दुःख नसते, पण उठून काही सुरू करण्याची ऊर्मीच येत नाही. त्यात या आजाराने चेहऱ्याचे स्नायू आखडतात, त्यामुळे मन ठीक असतानाही माणूस खिन्न दिसतो. बाहेरून सगळे सारखेच वाटते, उपाय मात्र निराळे असतात: नैराश्यावर औषधे आणि समुपदेशन उपयोगी पडतात, तर निरिच्छतेला दिवसाचा ठरलेला क्रम आणि हात धरून सुरुवात करून देणारे माणूस लागते. आई, कोणता उपाय करायचा हे कळावे, एवढ्यासाठीच माझा हा आग्रह आहे.

बाबा, तिथे सुई नाही, यंत्र नाही, रात्रभर राहणे नाही. मध्ये विश्रांती आणि चहा मिळेल, प्रश्न मराठीतच असतील. शब्दांची यादी ऐकवून थोड्या वेळाने विचारतील. आपणहून आठवले नाही तर खूण देऊन पाहतील, कारण या आजारात पुष्कळदा आठवण साठवलेली असते, ती काढून आणणेच जड जाते. घड्याळ काढायला सांगतील, शंभरातून सात-सात वजा करायला सांगतील. मला पावकी आणि दिडकी शिकवणाऱ्या माणसाला हा प्रश्न कमीपणाचा वाटेल, हे मी जाणते. पण तुमच्या शालीत शिरून मी पाढे म्हणायचे आणि चुकले की तुम्ही ‘पुन्हा, सावकाश’ एवढेच म्हणायचा, तसेच तुम्हालाही सावकाश विचारले जाईल. तपासणी मी करणार नाही. माझ्या एक अनुभवी सहकारी ती करतील, मी बाहेर आईजवळ बसेन.

आता काही गोष्टी मात्र माझ्या ऐकायच्या. घरातील सगळ्या गोळ्या पिशवीत भरून आणा, दुकानातून आणलेल्या झोपेच्या आणि सर्दीच्याही, कारण त्यांतील काही औषधे म्हाताऱ्या माणसाची स्मृती मंदावतात. कंपासाठी चाललेल्या काही गोळ्यांचेही तसेच आहे, पण म्हणून कोणतीही गोळी मनाने बंद करायची नाही. ते डॉक्टरांनाच ठरवू दे. लेव्होडोपाची, म्हणजे डोपामाइनची उणीव भरून काढणारी, गोळी जेवणाच्या अर्धा तास आधी घ्यायची, दुधाबरोबर नाही. तपासणीची वेळ गोळीचा परिणाम चांगला असतानाचीच घेतली आहे. चष्मा आणि कानाचे यंत्र विसरू नका. ऐकू न आल्याने चुकलेले उत्तर विसरण्याच्या खाती मांडले जायला नको. आई, बाबांच्या वतीने तू उत्तरे देऊ नकोस, आणि तुझी पाठदुखीही त्याच दिवशी दाखवू.

गाडी दारापर्यंत येईल, पुढची जागा बाबांची. माझ्या घरी बाबांसाठी उंच खुर्ची घेतली आहे आणि न्हाणीघरात आधाराचा दांडा बसवला आहे. अंथरूण खालच्या खोलीतच असेल. तपासणीत काही उणे दिसले तर ते आपण तिघे मिळून ऐकू, आणि बाबांना नको असेल ते बाबांच्या संमतीशिवाय कोणालाही, दादालासुद्धा, सांगितले जाणार नाही. शुक्रवारी दुपारी निघा. आईने शिदोरी बांधत बसू नये, रात्रीचा मऊ भात मी करून ठेवीन.

तुमची,
धाकटी