वाळूतलं जहाज

हिल्सबरो, ओरेगन

ती. आबांस,
साष्टांग नमस्कार.

फोनवर हे धड सांगता आलं नसतं. तुम्ही "बरं बरं" म्हणून फोन आईकडे देता. म्हणून कागद घेतला.

रविवारी कोलंबिया नदीच्या मुखाजवळ फोर्ट स्टीव्हन्सच्या किनाऱ्यावर गेलो होतो. तिथे वाळूत शिडाच्या एका जहाजाचा सांगाडा आहे, 'पीटर आयरडेल'चा. चार डोलकाठ्या, पोलादी बांधणी, २८५ फूट लांबी. ओहोटी होती, त्यामुळे पार जवळ जाता आलं. नाळेकडच्या, म्हणजे पुढच्या टोकाच्या, फासळ्या तेवढ्या उरल्यात. हात लावला की गंजाचे पापुद्रे सुटतात. एक तुम्हाला पाठवावासा वाटला, पण तिथलं काही उचलायला मन होईना. फोटो सोबत आहे.

२५ ऑक्टोबर १९०६ ची पहाट. मेक्सिकोहून पोर्टलंडला गहू भरायला निघालेलं ब्रिटिश जहाज, पोटात माल नाही, फक्त तोलापुरता हजार टन भार. दाट धुकं. वारा आग्नेयेचा होता, तो फिरून एकदम पश्चिमेचा झाला. कप्तान लॉरेन्सनी जहाज समुद्राकडे वळवायला घेतलं, पण वारा आणि ओढ दोन्ही किनाऱ्याकडे. जहाज वाळूवर चढलं, डोलकाठ्या मोडल्या.

पॉइंट ॲडम्सच्या जीवरक्षक ठाण्याची माणसं होडी घेऊन त्या लाटांत शिरली. जहाजावर सत्तावीस जण होते, त्यातले दोघे चोरून चढलेले. सगळे किनाऱ्याला आणले. एकही गेला नाही. फुटत्या लाटेत होडी जहाजाला भिडवणं काय असतं, ते मी काय सांगणार, तुम्हीच जाणता.

नोव्हेंबरात जवळच्या ॲस्टोरिया गावी ब्रिटिशांनी चौकशी बसवली. कप्तानावर ठपका ठेवला नाही.

आबा, हे कळल्यावर मी तिथेच बराच वेळ उभा होतो. अंजर्ल्याच्या खाडीच्या तोंडाशी आपलं गलबत वाळूवर चढलं, ते तुम्ही मला एकदाच सांगितलंत. खलाशी सगळे वाचले, तुम्ही सर्वांत शेवटी उतरलात. तरी दर नारळी पौर्णिमेला तुम्ही मागे, नारळाच्या झाडाखाली उभे राहता, पाण्यापाशी येत नाही. आजी गेली तोवर म्हणत होती, "अजून तेच घेऊन बसलेत."

वारा फिरला होता, आबा. तुम्ही कुठे कमी पडला नव्हतात.

पुढच्या नारळी पौर्णिमेला मी येतोय. नारळ तुम्ही सोडायचा. मी तुमच्याबरोबर गुडघाभर पाण्यात उभा राहीन.

तुमचा,
बाळू