गौरीला न आल्याचं खरं कारण

कोथरूड, पुणे

ती. बाबा आणि ती. सौ. आई यांस,
सा. न.

आई, गौरीजेवणाला ऑफिसमुळे येता येत नाही असं फोनवर सांगितलं ते खोटं होतं. सुट्टी होती, आम्ही वाईला यायला निघालोही होतो. खेड शिवापूरहून परत फिरलो.

पाऊस सुरू झाल्यापासून गाडी खड्ड्यात गेली की पुढून डावीकडे टक्‌-टक्‌ वाजायचं. लोअर आर्मचं, म्हणजे चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणाऱ्या खालच्या दांड्याचं, बुश गेलंय हे मीच ओळखलं, आणि ते बरोबर निघालं, एवढं श्रेय घेतो. नाना पेठेतून नवा आर्म आणला आणि एका रविवारी पार्किंगमध्ये जॅक लावून बसलो. (बाबा, खाली स्टँड होते, मागच्या चाकांना विटाही लावल्या होत्या.) आर्मचं टोक चाकाकडे जोडणारा बॉल जॉइंट काही केल्या सुटेना. तो ज्यात बसतो त्या लोखंडी ठोकळ्यावर, नकलवर, हातोडी मारत होतो, तर दुसऱ्या मजल्यावरचे आजोबा गॅलरीतून म्हणाले, “अहो, एक ते चार तरी थांबा!”

संध्याकाळी जोडलं, आणि गाडी वर असतानाच सगळे बोल्ट जीव खाऊन आवळले. तिथेच चुकलो. बुश म्हणजे दोन लोखंडी नळ्यांमध्ये चिकटवलेलं रबर. आतली नळी बोल्टने जखडली जाते, बाहेरची आर्मबरोबर फिरते, मधलं रबर पीळ सोसतं. चाक लोंबकळत असताना आवळलं, तर गाडी खाली टेकली की रबराला पीळ बसतो, आणि गाडी नुसती उभी असली तरी तो सुटत नाही. हे बोल्ट शेवटचे आवळायचे ते गाडीचं वजन चाकांवर आल्यावर. महिनाभर आवाज बंद होता, मी मेघनासमोर कॉलर ताठ करून हिंडत होतो.

गौरीच्या दिवशी बोगदा ओलांडल्यावर ब्रेक दाबला की स्टिअरिंग डावीकडे ओढायला लागलं. परत येताना नवले पुलाचा उतार दुसऱ्या गिअरमध्ये, रस्त्याची कड धरून उतरलो. मागून ट्रकवाले हॉर्न मारत होते. मेघनाच्या मांडीवर गौरीसाठी घेतलेल्या शेवंतीच्या वेण्या होत्या. घरी पोचलो तेव्हा तिच्या मुठीत त्यांचा चुरा झाला होता.

गॅरेजवाल्याने आर्म काढून समोर ठेवला. रबर गोल चिरलेलं. “साहेब, हवेत आवळलंत ना?” एवढंच म्हणाला. चाकांचे कोन जुळवायची अलाइनमेंटही मी केली नव्हती, टायर आतून घासलाय.

बाबा, तुम्ही स्कूटर उघडायचात तेव्हा मी बॅटरी धरायचो. इतकी वर्षं बॅटरी धरली म्हणजे आपल्याला येतं, असं वाटत होतं. तुम्हाला विचारलं असतं तर ‘गॅरेजात ने’ म्हणाला असतात, म्हणून विचारलं नाही.

आता गाडी ठीक आहे. शनिवारी येतो. आई, काय बोलायचं ते समोर बोल, फोनवर नको. आणि बाबा, तुमच्या पेटीतला १७ चा रिंग पाना तुम्ही दिवाळीपासून शोधताय ना, तो माझ्याकडे आहे.

तुमचा,
संदीप