३६८ फूट

रेडिंग, इंग्लंड,
सोमवार, रात्रीचे अकरा

प्रिय गड्या,

तुझं बोअर फेल गेल्याचा मेसेज शनिवारी सकाळी वाचला, तेव्हा आम्ही गाडीत सामान भरत होतो. साडेतीनशे फूट जाऊन नुसता फुफाटा! लगेच फोन करायला हवा होता, पण काय बोलावं ते सुचेना. आता दोन दिवस हिंडून आलोय आणि तुलाच सांगावं असं एक सापडलंय.

निघालो होतो विल्टशरमधल्या एव्हबरीला. स्टोनहेंज तू फोटोत पाहिलंयस. तिथे तिकीट काढायचं आणि लांबूनच प्रदक्षिणा घालायची. एव्हबरीला तसलं काही नाही. साडेचार हजार वर्षांपूर्वीचं दगडांचं वर्तुळ, जगातलं सगळ्यात मोठं, आणि त्याच्या पोटात घरं, पब, मधून पळणारा डांबरी रस्ता. मेंढरं दगडांना खुशाल अंग घासतात. आपल्याकडे असला एखादा दगड असता तर केव्हाच शेंदूर फासून त्याचा म्हसोबा झाला असता. इथल्या लोकांनी उलटं केलं. चौदाव्या शतकात दगड पाडून पुरले, पुढे तर आगीत तापवून, वर पाणी ओतून फोडले आणि घरं बांधली. १९३० च्या दशकात मुरंब्याच्या धंद्यातल्या श्रीमंत अलेक्झांडर केलरने पुरलेले दगड उकरून पुन्हा उभे केले. १९३८ साली एका दगडाखाली माणसाचा सांगाडा निघाला. कंबरेच्या पिशवीत कात्री आणि १३२० च्या आसपासची नाणी, म्हणून न्हावी असावा असा अंदाज. दगड पाडताना चेंगरला म्हणून पुष्कळ वर्षं सांगत होते, पण नंतर हाडं तपासली तर चेंगरल्याच्या खुणाच नाहीत! ती गंजकी कात्री तिथल्या संग्रहालयात आहे. आपल्या गावातल्या तात्या न्हाव्याच्या धोकटीतली म्हणून खपेल.

बांधावर बसून दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली. एक मेंढी दशमीसाठी हिच्या मागेच लागली.

रविवारी परतताना अफिंग्टनचा पांढरा घोडा पाहिला. तीन हजार वर्षांपूर्वी डोंगराच्या अंगावर चर खणून, त्यात खडूचा दगड ठोकून काढलेला, ११० मीटर लांब. जवळ गेलं की घोडा गायब, नुसते पांढरे पट्टे. पोरं वैतागली.

आता मूळ गोष्ट. हिने नकाशात ‘महाराजाज वेल’ असं काहीतरी बघितलं, म्हणून ऑक्सफर्डशरमधल्या स्टोक रो नावाच्या खेड्यात वाट वाकडी केली. रस्त्याकडेला लोखंडी खांबांवर घुमट, आणि त्याच्याखाली, रहाटाच्या दातेरी चाकांवर, सोनेरी हत्ती! विहीर काशीनरेश ईश्वरीप्रसाद नारायण सिंहांनी दिलेली. हे चिल्टर्नचे डोंगर खडूच्या दगडाचे. पाऊस पडला की पाणी झिरपून थेट खोल जातं, वर माथ्यावरच्या गावाला तेव्हा थेंब नसायचा. म्हणजे आपला दुष्काळी माण तालुकाच, फक्त हिरवा. इथलाच एडवर्ड रीड नावाचा साहेब हिंदुस्थानात मोठ्या हुद्द्यावर होता, त्याने आझमगडकडे विहीर खणायला मदत केली होती. बोलता बोलता त्याने महाराजांना आपल्या गावाकडची हकिकत सांगितली, की घरातलं शेवटचं पाणी प्यायला म्हणून एका पोराला आईने बडवलं. रीड मायदेशी परतल्यावर महाराजांनी विहिरीसाठी पैसे दिले. राणी व्हिक्टोरियाच्या वाढदिवशी, २४ मे १८६४ ला, ती खुली झाली.

१८५७ ला जेमतेम सात वर्षं झालेली. त्यामुळे या दानात धर्म किती आणि साहेबाची मर्जी राखणं किती, याचा मी घोळ घालत बसलो. ही म्हणाली, पाणी प्यायलेल्यांना विचार.

पण मला धरून ठेवलं ते खोलीने. ३६८ फूट, गड्या! कुतुबमिनार आत उलटा सोडला तरी वर सव्वाशे फूट मोकळे. रुंदी फक्त चार फूट, आणि सगळी हाताने खणलेली. आबांनी विहीर काढली तेव्हा यारीची पाटी वर यायला किती वेळ लागायचा, आठवतं? आणि ती दहा परस! इथे साठ परसांच्या वर. खाली एकच माणूस मावणार, कुदळ फिरवायलाही जागा नाही, वर बघितलं तर आभाळ चवलीएवढं. भरलेली बादली वर ओढायला दहा मिनिटं लागायची म्हणे. मी कठड्यावरून वाकून बघितलं. अंधार, आणि तोंडावर गार हवा. आपण लहानपणी आबांच्या विहिरीत ‘ओ’ द्यायचो ना, तसा दिला. पोरं लाजून लांब जाऊन उभी राहिली.

येताना गाडीत डोक्यात तेच. तू पाणाड्याच्या नारळावर विसंबून आणखी एक बोअर मारणार, माहीत आहे मला. त्याच्याआधी आबांच्या विहिरीतला गाळ काढून बघ. तिला आडवे झरे होते, आपण पोहायचो तेव्हा पायाला गार लागायचे. यारी आणि माणसांचा निम्मा खर्च माझा. यावर वाद नको, वहिनींना मी आधीच कळवलंय.

गाळ किती परस आहे ते सळई सोडून माप आणि लिही.

तुझाच,
पाटकऱ्या