न्हाणीतला शॉवर, आणि बाकीचं

योकोहामा,
२ ऑगस्ट

ती. बाबा आणि ती. सौ. आईस,
शि. सा. नमस्कार.

मी मजेत आहे. वेळेवर जेवते, झोपही होते. काल फोनवर आईने न्हाणीतला शॉवर दाखवला, तेव्हापासून मात्र डोक्यात तेच आहे. बाबा, शॉवरची सैल दांडी सुंभाने खिडकीच्या गजाला बांधलीय ना, ते आधी सोडा. आणि मुळाशी पुन्हा पांढरं सिमेंट थापू नका. दांडी पेलण्याचं बळ त्यात नसतं. जरा हललं की तडकतं, आणि तोवर आतली गळती झाकून ठेवतं.

खोट दांडीत नसावी, जोड भिंतीत किती आत आहे त्यात असावी. आपण जुन्या टाइल काढल्या नाहीत, त्यांवरच नव्या चिकटवल्या. म्हणजे भिंत पुढे आली आणि आतला एल्बो, म्हणजे दांडी जिथे बसते तो पाइपचा काटकोनी तुकडा, होता तिथेच राहिला. दांडीला आटे जेमतेम १५ मिलिमीटर. त्यांतले दोन-तीनच एल्बोत पोचत असणार. पुढे बारा इंची दांडी, टोकाला शॉवर. कुणी तो आपल्याकडे वळवला की सगळा जोर त्या दोन आट्यांवर. नळाच्या कारखान्यात हेच पाहते म्हणून सांगतेय, फुशारकी नाही.

दादाला रविवारी सकाळी बसवा. आधी गीझरचा प्लग काढायचा, नुसतं बटण नको. टाकीचा कॉक बंद करून नळ उघडे ठेवायचे, पाणी उतरू दे. मग भिंतीलगतची गोल फ्लँज पुढे ओढून सिमेंट खरवडायचं, बॅटरीचा उजेड आत मारायचा आणि दांडी हलवायची. दांडी फिरतेय आणि एल्बो गप्प आहे, तर काम तासाभराचं. एल्बोही डुलतोय, तर आठवड्याचं.

दांडी उलटी फिरवून काढा. झाडूतला हीर आत घालून एल्बोच्या तोंडाला टेकवा, टाइलच्या पातळीवर नखाने खूण करा. ती लांबी पट्टीवर मोजा. तेवढ्याच लांबीचं अर्ध्या इंचाच्या आट्यांचं पितळी एक्स्टेंशन निपल, म्हणजे एल्बोचं तोंड पुढे आणणारा जोडतुकडा, आणायचं. पाऊण, एक, दीड इंच अशा मापांत मिळतं. बसल्यावर त्याचं तोंड टाइलच्या बरोबर किंवा दोन मिलिमीटर आत हवं. बाहेर आलं तर फ्लँज भिंतीला टेकणार नाही. त्यासोबत टेफ्लॉन टेपचं एक रीळ, अर्ध्या इंचाचं बूच आणि न्यूट्रल सिलिकॉनची ट्यूब. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन नको, ते पितळ आणि क्रोम खातं. आधीच आपल्याकडे खारी हवा.

जुनी टेप दाभणाने पूर्ण काढायची. नवी टेप आट्यांचं तोंड आपल्याकडे धरून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने, ताणून, दहा-बारा वेढे. पहिला आटा मोकळा ठेवायचा. सुतळी आणि सफेदा नको. आतला एल्बो सीपीव्हीसीचा आहे, पितळ फक्त तोंडाशी; जाड सुतळीवर जोर लावला की प्लॅस्टिक फाटतं. हाताने बसेल तितकं बसवायचं, मग एक-दीड फेरा. आणि मुख्य गोष्ट: दांडीचं तोंड खाली यायचं म्हणून मागे फिरवायचं नाही. टेप तुटते आणि जोड झिरपतो. पुढे गेलंच, तर सगळं काढून टेप नव्याने. पान्याखाली फडकं घ्या. क्रोमला दात लागले की आपल्याकडे त्या जागी महिन्याभरात हिरवं येतं.

एल्बो डुलत असेल तर दोष खाचेतल्या मालाचा. जांभा कोरडा असला की मालातलं पाणी शोषून घेतो, मग सिमेंट धरत नाही, भुसभुशीत राहतं. सैल माल कोरून काढा, दगड पाणी मारून ओला करा, एकास तीन सिमेंट-वाळूचा माल ठासून भरा. दांडी आत ठेवूनच, म्हणजे तोंड तिरकं होणार नाही. पाच-सहा दिवस पाणी मारा, तोवर दांडीला हात लावायचा नाही.

शेवटी दांडीच्या टोकाला बूच लावून शॉवरचा कॉक उघडा ठेवा, तासभर. या जोडावर पाण्याचा दाब फक्त शॉवर चालू असताना येतो, म्हणून गळती एरवी दिसत नाही, भिंतच ओली होत जाते. जोडाला वर्तमानपत्राचा कपटा लावून पाहा. कोरडा राहिला तर फ्लँजभोवती सिलिकॉन, पण खालचा भाग उघडाच ठेवा. पुढेमागे गळलं तर तिथून कळेल. एक दिवस सुकू द्या.

आई, "दुसऱ्यांच्या आंघोळीच्या पाण्यात बसतेस का गं?" असं विचारलंस. बसते, पण घाण काही नाही त्यात. इथे टबाबाहेर, बुटक्या स्टुलावर बसून आधी साबण लावून स्वच्छ धुतात. हातशॉवर अडकवायला म्हणूनच दोन हूक, एक बसल्यावर हाताला येईल असा. अंगावर फेस उरला नाही की मगच टबात. तिथे साबण नाही, अंग चोळणं नाही, गरम पाण्यात नुसतं बसायचं. मग झाकण घालून तेच पाणी पुढच्याला. उरलेलं कित्येक घरांत कपडे धुवायला जातं. घरमालकीण आजी रविवारी बोलावतात आणि पाहुण्याला आधी सोडतात, म्हणजे मला पहिलंच पाणी मिळतं. झालं समाधान?

गणपतीला येणं जमत नाही. इथली मोठी सुट्टी ओबोनची, म्हणजे पितरांच्या सणाची, १३ ते १६ ऑगस्ट, आणि गणपती त्यानंतर. रजा मागितली होती, खरंच मागितली होती. आत्या, काकू सगळ्या त्या न्हाणीत जाणार, म्हणून एवढं लांबण लावलं. २५,००० पाठवलेत. त्यातले लागतील ते पडवीच्या कौलांना, बाकी आरतीच्या दिवसांना. दादाच्या हप्त्याचे वेगळे पाठवते, त्याला माझ्यासमोर विषय काढायला लावू नका.

दापोलीच्या स्थळाला नाही म्हटलेलं नाही. त्यांनी रविवारी फोन करावा. तुमचे रात्रीचे नऊ म्हणजे माझे साडेबारा. परवा तुमचा फोन वाजला तेव्हा मी जागी होते, आई, उचलला नाही. त्यांना दुपारची वेळ सांगा.

तुमची,
बाय