आईच्या गोष्टीबद्दल, बाबांना

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

"म्हणजे तू तिथे लोकांना फसवायचं शिकतोयस?" असं तुम्ही फोनवर विचारलंत आणि मी हसण्यावारी नेलं. प्रश्न चुकीचा नव्हता, म्हणून लिहितो.

माझ्या संशोधनाचा विषय सोशल इंजिनिअरिंग, म्हणजे माणसाला भुलवून त्याच्याकडूनच गुपित काढून घेणं. कुलूप फोडायचं नाही, किल्लीवाल्याकडूनच उघडून घ्यायचं. तुम्हाला बँकेतलंच उदाहरण देतो. १९७८ साली लॉस एंजेलिसच्या सिक्युरिटी पॅसिफिक बँकेत स्टॅनली रिफकिन नावाचा कॉम्प्युटर सल्लागार पैसे पाठवण्याच्या खोलीत कामानिमित्त जायचा. त्या दिवसाचा सांकेतिक आकडा तिथल्या लोकांनी सोयीसाठी चिठ्ठीवर लिहून ठेवलेला. त्याने तो पाठ केला, बाहेर आला आणि सार्वजनिक फोनवरून, बँकेच्याच दुसऱ्या विभागातून बोलतोय असं भासवून, १ कोटी २ लाख डॉलर वळते करून घेतले. फोन घेणाऱ्याने विचारायचं ते विचारलंच होतं. उत्तर बरोबर आलं, त्याने काम केलं. तारेने पैसे जायचे तेव्हा कोडचं पुस्तक तुम्ही कुलपात का ठेवायचात, ते मला आत्ता कळलं.

आमचा प्रयोग त्यापुढे किरकोळ. कर्मचाऱ्यांना खोटे मेल पाठवायचे आणि लिंक कोण दाबतं ते बघायचं. पण आधी सांगितलं तर सगळे सावध होणार, न सांगितलं तर ती फसवणूकच! या एका मुद्द्यावर नैतिकता समितीने माझा अर्ज दोनदा परत पाठवला. शेवटी ठरलं ते असं: संशोधनाला संमती आधी घ्यायची, मेल कधी येणार ते मात्र गुपित. पासवर्ड साठवायचे नाहीत, नावांऐवजी क्रमांक, आणि शेवटी प्रत्येकाला समोर बसवून खरं सांगायचं.

ते शेवटचंच जड गेलं. माझा मेल होता, 'तुमची रजा नामंजूर झाली आहे, कारण येथे पाहा.' (लिहिताना मजा आली होती, खोटं कशाला बोलू.) एका वयस्कर बाईंनी लिंक दाबली होती. त्यांचा पहिला प्रश्न, "माझ्या साहेबांना कळणार का?" काहीतरी गडबड आहे हे त्यांच्या पाच मिनिटांतच लक्षात आलं होतं. तरी कळवलं नाही. आयटीची पोरं हसतील म्हणून. खऱ्या हल्ल्यात नेमकी तीच पाच मिनिटं हवी असतात. तेवढ्यात पासवर्ड बदलता येतो, बाकीच्यांच्या इनबॉक्समधून तो मेल काढता येतो.

त्या बोलत होत्या आणि मला आई दिसत होती. गेल्या वर्षी तिने कुणाला तरी ओटीपी सांगितला आणि दोन दिवस गप्प राहिली. तुम्ही ती गोष्ट अजून पाहुण्यांना रंगवून सांगता. मीही हसलोय. आता पुरे करू या, बाबा.

परवा तिने मला एका मेसेजचा फोटो पाठवला. 'हे खरं असतं का रे?' आणि त्याखाली, 'बाबांना सांगू नकोस.'

तुमचा,
निनाद