बंद पडलेले इंजिन भंगारात टाकण्याआधी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत घरातली अडगळ कशी कमी करावी यावर लेख होता. ‘बंद पडलेली विजेवरची खेळणी’ त्यात सरसकट भंगाराच्या यादीत घातली आहेत. बाकी यादीबद्दल तक्रार नाही. पण त्या खेळण्यांत हॉर्नबी, ट्राय-अँग, लिमा अशा नावाचे रुळांवरचे छोटे इंजिन असेल, तर जरा थांबा. मी चिंचवडला टूलरूममध्ये टर्नर होतो आणि निवृत्तीनंतर अशी जुनी इंजिने दुरुस्त करत बसतो. बंद इंजिनात सहसा एखादाच भाग गेलेला असतो आणि तो बहुतेक वेळा इथेच, पुणे-पिंपरीत, मिळतो किंवा करून घेता येतो.

ही इंजिने आपल्याकडे येतात ती परदेशी राहणाऱ्यांच्या बॅगांतून. माझा भाचा मँचेस्टरला असतो. तिकडे जुन्या मॉडेल रेल्वेचे बाजार भरतात आणि न चालणारी इंजिने ‘सुट्या भागांसाठी’ म्हणून वेगळ्या खोक्यात स्वस्तात पडलेली असतात. त्यातलेच एक काळे, सहा चाकांचे ट्राय-अँगचे ‘जिंटी’ त्याने आणले. 1960च्या दशकातला माल, इंग्लंडातल्या मार्गेटच्या कारखान्याचा. आत एक्स-04 मोटर: 12 व्होल्ट डीसी, तीन पोलचे आर्मेचर (मोटरचा तारा गुंडाळलेला, फिरणारा भाग), त्याच्या दांड्यावर वर्म (स्क्रूसारखे आटे असलेला गिअर), आणि तो वर्म चाकांच्या धुऱ्यावरचा गिअर फिरवतो. सगळे उघडे आणि स्क्रूने बसवलेले. ज्याने हे डिझाइन केले त्याने दुरुस्त करणाऱ्याचा विचार आधी केला होता, असे मला ते उघडताना दर वेळी वाटते.

हे इंजिन हातात धरून करंट दिला की जोरात फिरे, रुळावर ठेवले की डबासुद्धा ओढेना आणि मिनिटाभरात तापे. आर्मेचर जळले असे कोणीही म्हणेल. पण ही खूण दुबळ्या चुंबकाची. जुन्या मोटरमधला अल्निको चुंबक लोखंडी पट्ट्यांमधून नुसता बाहेर काढून ठेवला तरी त्याचा जोर उतरतो, आणि आधीच्या मालकाने सफाईच्या उत्साहात नेमके तेच केले असावे. त्या जागी निओडायमियम चुंबकाचे छोटे ठोकळे आणि उरलेल्या फटीत एमएसचे (माइल्ड स्टील, म्हणजे साध्या पोलादाचे) तुकडे बसवले. ठोकळे ऑनलाइन मिळतात, एमएसचा तुकडा कुठल्याही वर्कशॉपच्या कोपऱ्यात पडलेला असतो. चुंबक फार जोरदार मात्र घेऊ नये, हळू चालताना इंजिन गचके खाते.

कार्बन ब्रशबद्दल, म्हणजे फिरत्या आर्मेचरला घासून करंट देणाऱ्या कार्बनच्या तुकड्याबद्दल, एक सांगायलाच हवे. आमच्याकडचे इलेक्ट्रिशियन सल्ला देतात, ‘काका, मिक्सरचा कार्बन घासून बसवा.’ बसतो, फिरतोही. पण तो 230 व्होल्टसाठी केलेला असतो. 12 व्होल्टला त्याचा रोध जड जातो. कमी व्होल्टेजच्या डीसी मोटरचा तांबेमिश्रित कार्बन घासून घ्यावा. आणि ब्रश दाबणाऱ्या स्प्रिंगच्या एका टोकावर एक बारीक स्लीव्ह (करंट अडवणारी नळी) असते ती पाहावी. ती गळून पडली असेल तर मोटर शॉर्ट होते. पातळ वायरचे पीव्हीसी आवरण मोत्याएवढे कापून त्यात ओवले की झाले. एवढ्यासाठी इंजिने टाकून दिलेली मी पाहिली आहेत.

स्क्रूंचे दुखणे वेगळे. त्या काळच्या ब्रिटिश इंजिनांत बीए (ब्रिटिश असोसिएशन) या जुन्या मापाचे आटे असत. 8 बीए म्हणजे 2.2 मिमी व्यास, 6 बीए म्हणजे 2.8. आपल्या दुकानातला अडीच किंवा तीनचा मेट्रिक स्क्रू पकडीने पिळून घातला की आतले आटे गेलेच. जुने ब्रिटिश मीटर आणि टेलिफोन यांतही हेच स्क्रू असत, म्हणून जुन्या बाजारात असली मोडकी यंत्रे दिसली की मी ती स्क्रूंसाठी उचलतो. घरचे काय म्हणतात ते इथे लिहीत नाही.

आता खरा मुद्दा, गिअरचा. सोसायटीतल्या एकांनी मुलाने अमेरिकेतून पाठवलेले एचओ (मॉडेल रेल्वेचे एक प्रचलित माप) डिझेल इंजिन आणून दिले. चालताना चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला ‘टक्’. भिंगाखाली धरले तर धुऱ्यावरचा प्लॅस्टिकचा गिअर दोन दातांच्या मधोमध उभा तडकलेला, आणि तेवढ्या दोन दातांतले अंतर वाढलेले. धुऱ्याचे दोन अर्धे तुकडे दोन्ही बाजूंनी त्यात घट्ट ठोकलेले असतात. वर्षानुवर्षे त्या ताणाखाली राहिलेले प्लॅस्टिक शेवटी उलते. फेविक्विकचा उपयोग नाही, या जातीच्या प्लॅस्टिकला ते धरत नाही. थ्रीडी प्रिंटिंगवालाही म्हणाला, एवढे बारीक दात त्याच्या मशीनवर नीट येणार नाहीत. बफर, कपलिंगचे आकडे असे भाग प्रिंट होतात, गिअर नको. परदेशातून मागवावा तर गिअर स्वस्त आणि टपाल-कस्टम त्याच्या कित्येक पट.

माप काढणे सोपे आहे. बाहेरचा व्यास मिलिमीटरमध्ये घ्यायचा आणि दातांच्या संख्येत दोन मिळवून त्याने भागायचे. 20 दात आणि 11 मिमी, म्हणजे 0.5 मॉड्यूल (दाताच्या आकाराचे माप). डेल्रिन या टणक प्लॅस्टिकच्या बारमधून हा गिअर कापता येतो. फक्त भोक मूळच्यापेक्षा पॉइंट झिरो टू मिमीने मोकळे ठेवायचे, नाहीतर नवाही तडकेल. बसवल्यावर चाकांमधले आतले अंतर पाहायचे, साधारण साडेचौदा मिमी.

अडते ते पुढे. एक नग करायला कोणताही गिअर कटिंगवाला तयार होत नाही. मशीन लावण्यातच त्याची सकाळ जाते, त्याला कसे परवडणार? पूर्वी घड्याळजी असली बारीक कामे करत. त्यांचे छोटे लेथ आणि कटर आता वजनावर विकले जातात.

म्हणून आयटीआय आणि तंत्रनिकेतनांना विनंती आहे. तुमच्याकडे मिलिंग मशीन आहे, डिव्हायडिंग हेड (गोल जॉब समान भागांत फिरवून दात कापण्याचे साधन) आहे. मुले वर्षभर कानस चालवून मेल-फीमेल जॉब (एकमेकांत बसणारे दोन तुकडे) करतात, तो गेजने तपासला जातो आणि पेटीत जातो. त्याच्या जोडीला तुटलेला भाग मोजून, ड्रॉइंग काढून, एक नग बनवण्याचे काम द्या. खर्च आम्ही देऊ. मी एका संस्थेत विचारले तेव्हा ‘अभ्यासक्रमात नाही’ एवढेच उत्तर मिळाले. कोथरूडचे मिनिएचर रेल्वे संग्रहालय 1998मध्ये सुरू झाले, तेही भाऊसाहेब जोशींच्या छंदातून. तिथे मुलांना हौसेने नेणारे पालक आहेत, म्हणजे आवड आहे.

घरी असे इंजिन असेल त्यांनी तूर्त एवढे करावे: तेल ओतू नये, चुंबक काढू नये, आणि तुटलेल्या गिअरचे तुकडे एका डबीत जपून ठेवावेत. दात त्यांच्यावरूनच मोजायचे आहेत.

— एक निवृत्त टर्नर, चिंचवड