खोकल्यातून पडलेला खडा

कोल्हापूर, मंगळवार

चि. अभिजित,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर आवाज चढला तो माझाच. तू फोन ठेवलास ते बरं केलंस. आता पत्रच लिहितोय, आणि रक्ताचं विचारायचं नाही असं ठरवून बसलोय.

खड्याचा फोटो आक्कानं मोठा करून दाखवला. ज्वारीच्या दाण्याएवढा, मळकट पांढरा, एका अंगाला काटेरी. वाटीत टाकल्यावर वाजला म्हणालास, म्हणजे तो वाळलेला कफ नव्हे. याला ब्रॉन्कोलिथ म्हणतात. हाडासारखाच, बहुतेक कॅल्शियम फॉस्फेट. तो सहसा श्वासनळीत तयार होत नाही. नळीला चिकटून लसिकाग्रंथींच्या गाठी असतात. टीबीनं सुजलेली गाठ बरी होताना तिच्यात चुना बसतो, आणि श्वासागणिक, खोकल्यागणिक घासत ती वर्षांनी नळीची भिंत पोखरून आत येते. उजव्या फुप्फुसाच्या मधल्या भागाची नळी अरुंद आणि गाठींनी वेढलेली, म्हणून तिथं जास्त.

पाचवीतला तुझा प्रायमरी कॉम्प्लेक्स, म्हणजे लहानपणीचा टीबी, आठवतो का? गोळ्यांनी लघवी नारिंगी झाली, तर तू गल्लीतल्या पोरांना बोलावून दाखवायचास! आई रडत होती आणि तू तिकीट लावायच्या बेतात. तेव्हाची एक्स-रेची फिल्म ट्रंकेतून काढून खिडकीशी धरली. उजव्या फुप्फुसाच्या मुळाशी गाठ दिसते.

पण जुना डाग म्हणजे चालू टीबी नव्हे. थुंकीत टीबीचे जंतू शोधणारी सीबीनॅट तपासणी होऊ दे, नुसत्या अंदाजावर गोळ्या सुरू करू नकोस. छातीचा सीटी स्कॅन पातळ कापांचा, आधी डाय (शिरेतून टोचायचं औषध) न देता. डायनं रक्तवाहिन्याही पांढऱ्या होतात, त्यात चुना लपतो. खडा रक्तवाहिनीला किती लागून आहे हे बघायला मग डाय. एक खडा पडला म्हणजे संपलं असं नाही. मागं दुसरा अडकला असेल तर त्याच्या पलीकडचा भाग हवेविना बसतो आणि तिथंच पुन्हा पुन्हा न्यूमोनिया होतो. पाणी पिताना ठसका लागत असेल तर तेही सांग. क्वचित अन्ननलिकेपर्यंत भोक पडतं.

श्वासनळीत घातलेल्या दुर्बिणीतून खडा सैल दिसला तरच चिमट्यानं काढतात. भिंतीत रुतलेला ओढायचा नाही. पलीकडंच फुप्फुसाची धमनी असते, ती फाटली तर रक्त आवरत नाही. छातीचा सर्जन हाताशी आहे ना, हे आधीच विचार. विचारायला लाजू नकोस. लहानपणापासून मास्तरांना शंका विचारायची नाही ही तुझी खोड... जाऊ दे. माफ कर, परत तेच सुरू झालं.

दुर्बिणीच्या तपासणीआधी सहा तास अन्न नाही, साधं पाणी दोन तास आधीपर्यंत. नंतर घसा बधिर असतो, तो उतरेपर्यंत घोटभर चहासुद्धा नको. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर आधी सांग.

काकी म्हणते, हुलग्याचं कढण पी, दूध सोड. तिला दुखवू नकोस, पण दूध सोडू नकोस. कढण पोटात जातं, खडा श्वासनळीत आहे. चुना गाठीतला आहे, दुधातला नव्हे.

खडा कोरड्या डबीत ठेव. कागदात गुंडाळून ठेवू नकोस.

थुंकीत लाल धागा दिसला तरी त्याच दिवशी डॉक्टरांना कळव. चमचा-दोन चमचे ताजं रक्त आलं तर स्कूटरला किक मारू नकोस, १०८ ला फोन कर. ज्या बाजूनं रक्त येतंय तीच कूस खाली ठेवून पड, दुसरं फुप्फुस भरू नये म्हणून. तुझी बहुधा उजवी.

फिल्म पोस्टानं पाठवत नाही, शनिवारच्या एसटीनं मीच आणतो. नको म्हणू नकोस. आणि खडा पडला त्या दिवशी रुमाल लाल झाला होता का, तेवढं आईला न सांगता मला लिही.

तुझे
आप्पा